वारा की झाडू

"काय करून राहिली गं मैथिली, सकाळी सकाळी?"

बोबडे काकू दुधाची पिशवी घेऊन आमच्या फाटकासमोर थांबल्या होत्या. मी रस्त्यावर उकिडवी बसले होते. पुढ्यात आंब्याची वाळकी पानं ओळीनं मांडलेली, आणि हातात आईची लाल नेलपॉलिश.

"पानांना नेलपॉलिश लावतेय, काकू."

"ते दिसून राहिलं मला. पण काहून?"

"प्रोजेक्ट आहे."

काकूंचा चेहरा एकदम आदराचा झाला. आमच्या लेआउटमध्ये मुलांनी काहीही उद्योग केला आणि त्याला प्रोजेक्ट म्हटलं, की मोठी माणसं बाजूला होतात. मी तेव्हा नववीत होते, आता बारावीत आहे, पण हा शब्द अजून तितकाच चालतो.

"सायन्सचा?"

"हो."

"मग देठालाही लाव. अर्धवट केलं तर मार्क कापतात ते लोक." असं म्हणून काकू आपल्या घरात गेल्या, आणि मी देठालाही लावली.

खरं म्हणजे तो शाळेचा प्रोजेक्ट नव्हता. माझा स्वतःचा होता, आणि त्यासाठी माझ्याकडे येत्या रविवारपर्यंतचाच वेळ होता. पुष्पाताईंचं घर राहणार की सुटणार, ते रविवारी ठरणार होतं.

आमचा लेआउट, म्हणजे आमची वसाहत, नागपूरच्या अगदी टोकाला आहे. आमची गल्ली सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. एका टोकाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला नाल्याची भिंत. देवळाला लागून काळमेघ काकांचा बंगला, मध्ये आम्ही, आमच्या पलीकडे बोबडे काकू, आणि असं करत करत अगदी शेवटी, भिंतीला चिकटून पुष्पाताई निनावे. त्या भाड्यानं राहायच्या. वऱ्हांड्यात शिलाई मशीन, खिळ्याला टांगलेले ब्लाउज, आणि अंगणात घरमालकानं कधीकाळी लावलेलं बदामाचं झाड. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज, शाळेचे स्कर्ट आणि पडद्यांच्या झालरी त्यांच्याच हातच्या. माप घेताना त्या अशा काही बोलायच्या की माणूस आपोआप पोट आत घ्यायचा.

माघ लागला की आमच्याकडे पानगळ सुरू होते. फाल्गुनात तर रस्ता दिसतच नाही. आणि पुष्पाताई रोज सकाळी आपल्या दारासमोर ढीग करून पानं जाळायच्या. धूर सरळ गल्लीत शिरायचा आणि सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना भेटून पुढे जायचा. काळमेघ काका खोकायचे. खोकून झालं की बोलायचे, आणि बोलून झालं की परत खोकायचे.

शेवटी देवळाच्या मंडपात नागरिक मंडळाची बैठक झाली. काळमेघ काका अध्यक्ष, आमचे बाबा सचिव. लेआउटमध्ये पानं जाळायला बंदी, हा ठराव बाबांनीच मांडला आणि फार सुंदर मांडला. मला स्वतःला तो शंभर टक्के पटला, कारण माझ्या केसांनासुद्धा शाळेत धुराचा वास यायचा. पण पुष्पाताई म्हणाल्या, "बंदी करा. मग मी पानं नेऊ कुठं? घंटागाडीवाला पानं घेत नाही. म्हणते, ओला आणि सुका असे दोनच डबे आहेत, पानांचा डबा नाही."

"तुमच्या झाडाची पानं, तुम्ही पाहा," काळमेघ काका म्हणाले.

"माझ्या एका झाडाची एवढी? त्या ढिगात आंबा असते, पेरू असते. माझ्याकडे आंबा आहे का?"

"वाऱ्यानं येत असतील. वाऱ्याला मंडळ काय करणार?"

मंडप हसला. पुष्पाताई हसल्या नाहीत. "मग वाऱ्यालाच सांगा, जाळू नको म्हणून," असं म्हणून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत धूर.

त्यावर काळमेघ काकांनी सरळ घरमालकाला फोन लावला. ढोमणे नावाचे ते गृहस्थ मुलाकडे हैदराबादला असतात. ते म्हणाले, तुमच्या मंडळाची पुढच्या रविवारीही हीच तक्रार असेल तर मला कळवा, गुढीपाडव्यापर्यंत बाईंना घर सोडायला सांगतो. मला कटकट नको.

हे मला पुष्पाताईंकडेच कळलं. मी स्कर्टची लांबी वाढवायला गेले होते.

"उभी राहा नीट. वाढून राहिली का वाकून राहिली?" त्यांनी टेप लावला. "हा शेवटचा स्कर्ट तुझा. पुढच्या वर्षी दुसरी शिंपीण पाहा."

"का?"

"तुझ्या बाबाला विचार." मग तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या, "दुसरीकडे खोली मिळेल गं. खोल्या काय, मिळतात. गिऱ्हाइकं नाही मिळत. तिथं पहिल्यापासून सुरू करायचं, बायांना सांगायचं, बाई, मला शिवता येते. या वयात."

आमच्या घरात ठराव टाळ्या मिळवून आला होता. मी उगाच म्हटलं, "वारा फारच वाहतो ना तुमच्याकडे."

"वाहते बाप्पा. दुसरं काय म्हणू?"

स्कर्ट घेऊन घरी येताना मी देवळावरचा झेंडा पाहिला. खरंच सहज पाहिला. तो फडफडत होता, आणि पुष्पाताईंच्या घराकडे त्याची पाठ होती. म्हणजे वारा त्यांच्या घराकडून देवळाकडे वाहत होता. माझ्या पाठीवरची वेणी तर पुढे येऊन तोंडावरच आपटत होती.

मी रस्त्यातच थांबले. वारा या दिशेनं आणि पानं त्या दिशेनं, हे कसं काय?

संध्याकाळी परत जाऊन झेंडा पाहिला. तसाच. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना, येताना. तसाच. मग वाटलं, रस्त्याला उतार असेल. चेंडू ठेवून पाहिला, तो उलट देवळाकडेच घरंगळत गेला. शिवाय पावसाळ्यात पाणी देवळाकडे साचतं, भिंतीकडे नाही, हे आठवलं. पानं वाऱ्याच्या विरुद्ध आणि उताराच्याही विरुद्ध चालत जात होती. मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू. आपल्याच गल्लीत, रोजच्या चपलांखाली, असं काही चाललंय आणि कुणालाही पत्ता नाही.

आंब्याचं झाड चार घरी आहे, त्यामुळे नुसत्या पानावरून कुणाचं ते कळणार नव्हतं. म्हणून नेलपॉलिश. आमच्या फाटकासमोरच्या पानांना आईची लाल. काळमेघ काकांकडे रबराचं झाड आहे, त्याच्या जाडजूड पानांना माझी जांभळी. बोबडे काकूंच्या पेरूच्या पानांना वर्गातल्या शर्वरीकडून मागून आणलेली चमकीची हिरवी. ती लावताना काकू खिडकीतून म्हणाल्या, "छान दिसते गं. दिवाळीत तोरणाला कर."

पहिल्या दिवशी संध्याकाळी लाल पानं आमच्या दारासमोर नव्हतीच. बरीचशी कुठे गेली ते कळेना, मागे राहिलेली दोन-चार बोबडे काकूंच्या फाटकाच्या खांबाशी होती. आणि आमच्या खांबाशी, जिथे कालपर्यंत काहीच नव्हतं, तिथे जांभळी पानं होती. दुसऱ्या दिवशी लाल आणखी एक घर पुढे. तिसऱ्या दिवशी जांभळी आणि लाल जवळजवळ गळ्यात गळे घालून चालली होती.

चौथ्या दिवशी मी उजाडताना गच्चीवर गेले. हातात पुस्तक घेतलं, म्हणजे आई विचारणार नाही.

सगळ्यात आधी काळमेघ काका बाहेर आले. खराट्यानं आपलं अंगण, मग फाटकासमोरचा रस्ता. पानं लोटत लोटत ते आपल्या खांबापर्यंत आले, शेवटचा एक फटकारा मारला, आणि ढीग खांबाच्या पलीकडे गेला. तिथे काकांची हद्द संपत होती. ते झाडू आपटून आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या शेजारच्या काकू बाहेर आल्या. त्यांनी तो ढीग आपल्या पानांसकट पुढच्या खांबापलीकडे नेला. मग पुढचं घर. मग आमचे बाबा.

आमच्या घरी बाबा झाडतात, आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. अगदी मन लावून, रेघेत. ते शेवटपर्यंत गेले, कंबर सरळ केली, आणि सगळं काही हलक्या हातानं बोबडे काकूंच्या दारात ठेवलं. ढकललं असं म्हणवणार नाही. ठेवलंच. मग मागे वळून आपला स्वच्छ रस्ता बघितला आणि समाधानानं आत गेले.

काकूंना उठायला जरा उशीर होतो. पण त्यांनीही तेच केलं, आणि वर पाणी शिंपडून रांगोळी काढली.

शेवटी पुष्पाताई आल्या. त्यांच्या पुढे कुणाचं दार नव्हतं. भिंत होती. त्यांनी ढीग एका जागी केला आणि काडी ओढली.

खाली येऊन मी आईला विचारलं, "आई, आपल्याकडे सगळे एकाच बाजूला का झाडतात?"

"झाडतात म्हणजे असंच झाडतात. डबा भर."

"पण दुसऱ्या बाजूला का नाही?"

"मैथिली, रिक्षावाले काका वाजवून राहिले."

बाबांना विचारायचा धीर झाला नाही. म्हणजे होत होता, पण मला अजून ते 'का' सापडलं नव्हतं, आणि अर्धवट केलं तर मार्क कापतात.

शनिवारी संध्याकाळी मी पुष्पाताईंच्या जाळायच्या राहिलेल्या ढिगात हात घातला.

"ए पोट्टी, विंचू असतील त्यात. काय शोधून राहिली?"

"माझी पानं."

मी त्यांच्या हातावर एक लाल आंबा, एक जांभळं रबर आणि एक हिरवं पेरूचं पान ठेवलं. कुठून निघालं, कसं आलं, सगळं सांगितलं. त्या मशीनवर बसून ऐकत राहिल्या. पाय पायडलवर होता, पण मशीन चालू नव्हती.

"म्हणजे वारा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी एवढी वर्षं वाऱ्याला शिव्या देऊन राहिली." मग पानं मला परत देत म्हणाल्या, "पण हे तू कोणाला दाखवशील? पहिलं लाल तुझ्याच घरचं आहे."

त्या रात्री मी नीट जेवले नाही. आईला वाटलं, चाचणी परीक्षा आहे.

रविवारी आरती झाल्यावर मंडपात सतरंजी पसरली. सगळी गल्ली होती. पुष्पाताई खांबाला टेकून बसल्या होत्या, गळ्यात टेप तसाच, जणू मधूनच उठून आल्या होत्या आणि लगेच परत जायचं होतं. काळमेघ काकांनी घसा साफ केला.

"विषय जुना आहे. बंदीचा ठराव झाला, तरी आठवडाभर धूर चालू आहे. ढोमणे साहेब फोनची वाट पाहून राहिले. सचिव, लावायचा का फोन?"

बाबांनी मोबाईल काढला.

मी उभी राहिले. त्याआधी मी फक्त शाळेच्या स्टेजवर बोलले होते, तेही पाठ केलेलं. इथे काहीच पाठ नव्हतं.

"मला एक दाखवायचं आहे."

"मैथिली, खाली बस," बाबा हळूच म्हणाले.

"बसू द्या ना तिला, बसू द्या. म्हणजे बोलू द्या," बोबडे काकू म्हणाल्या. "तिचा प्रोजेक्ट आहे."

मी पिशवी सतरंजीवर रिकामी केली. लाल, जांभळी, हिरवी. पोरंटोरं पुढे सरकली. मी सांगितलं, ही पानं सोमवारी कुठे होती आणि काल कुठे सापडली.

"वाऱ्यानं गेली असतील," काळमेघ काका म्हणाले.

"काका, वर बघा."

सगळ्यांनी मान वर केली. झेंडा नेहमीसारखा भिंतीकडे पाठ करून होता.

"ते आता. संध्याकाळी वारा फिरते."

"संध्याकाळीपण पाहिलं. रोज दोनदा. रस्त्याला उतार आहे का, तेही पाहिलं, चेंडू ठेवून."

"तोच चेंडू आमच्या गाडीखाली गेला होता का?" कुणीतरी मागून विचारलं, आणि थोडं हसू झालं. मला ते हसू फार कामाला आलं. त्यात माझा आवाज सापडला.

"काकू," मी बोबडे काकूंना विचारलं, "तुम्ही सकाळी झाडता ते कुठून कुठे?"

"कुठून म्हणजे? इकडून तिकडे." त्यांनी हातानं देवळाकडून भिंतीकडे दाखवलं.

"मग ढीग?"

"फाटकाच्या पुढे सारते थोडा. थोडासाच गं. मूठभर."

"काळमेघ काका, तुम्ही?"

"मी माझ्या हद्दीत झाडतो."

"हो, पण कुठून कुठे?"

काका सतरंजीची कड सारखी करू लागले. त्यांच्या सौ. म्हणाल्या, "तसंच. इकडून तिकडे."

मी एकेकाला विचारत गेले. सगळे तसंच. आणि मग राहिले बाबा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, त्या लाल पानांकडे पाहत होते. आमच्या कपाटातली बाटली ते ओळखत होते.

"बाबा, तुम्ही उलटीकडून का नाही झाडत? भिंतीकडून इकडे?"

हा प्रश्न मी खरंच विचारला होता. मला उत्तर माहीत नव्हतं. आठवडाभर तेच तर सापडत नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं असावं की आपण भात पायानं का नाही खात.

"इकडे कसं झाडायचं? इकडे देऊळ आहे. देवाकडे केर लोटतात का?"

त्यांनी म्हटलं आणि मंडपात बऱ्याच जणांनी सहज मान डोलावली. हो ना. देवाकडे कोण लोटेल? माझी आईसुद्धा डोलावत होती. मग डोलणाऱ्या माना एकेक करून थांबल्या.

आम्ही सगळे मारुतीसमोर बसलो होतो. सतरंजीभोवतीची फरशी स्वच्छ होती, माझी पानं सोडली तर एकही पान नव्हतं.

"म्हणजे देवाच्या दारात नको," पुष्पाताई खांबापासून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बरोबर आहे. मी पण नसती लोटली."

बोबडे काकूंनी पदर उगाच सारखा केला. "मूठभरच असते हो," त्या पुटपुटल्या, "पण मुठी किती झाल्या."

काळमेघ काकांना खोकला आला, आणि पहिल्यांदाच खोकून झाल्यावर ते काही बोलले नाहीत.

"बंदी राहू द्या," पुष्पाताईच पुढे म्हणाल्या. "मला काय हौस आहे का? शिवलेल्या ब्लाउजला वास लागते, बाया नाक मुरडतात. माझ्या झाडाची पानं मी माझ्या झाडाखाली पुरीन. पण मी जाऊ का राहू, तेवढं सांगा. ऑर्डरी घेऊ का नाही, ते मला ठरवायचं आहे. लग्नाचा सीझन आला."

मोबाईल अजून बाबांच्या हातात होता. त्यांनी फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"हां, बोला सचिव साहेब," ढोमणेंचा आवाज आला. "जाळून राहिली का बाई अजून?"

"नमस्कार. त्याचं असं आहे, की..." बाबा ठराव मांडताना कधी अडखळत नाहीत. "मंडळाच्या लक्षात काही नवीन बाबी आल्या आहेत. पानांचा उगम एकाच ठिकाणी नसून तो, काय म्हणतात, निरनिराळ्या..."

"काय समजलं नाही मला. बाईला ठेवू का काढू, ते सांगा."

पुष्पाताईंनी गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, घट्ट.

"ठेवा," बाबा म्हणाले. "बाईंची काही चूक नाही."

"मग फोन कशाला केला होता तुम्ही?"

बाबांनी काळमेघ काकांकडे पाहिलं, काकांनी झेंड्याकडे. "ते भेटल्यावर सांगतो," असं म्हणून बाबांनी फोन बंद केला.

पुष्पाताई उठल्या. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, खांब धरून एक क्षण उभ्या राहिल्या. जाताना माझ्यासमोर थांबल्या. "स्कर्ट तेवढा एकदा घालून दाखव. घाईत घेऊन गेली तू." आणि गेल्या.

घरी येताना बाबा माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. रागावले होते असं म्हणता येणार नाही, कारण त्यांनी जेवताना माझ्या ताटात कैरीची फोड वाढली. पण बोलले नाहीत. मी चूक केली की बरोबर, हे मला कळेना, आणि विचारायचं कुणाला तेही कळेना.

सकाळी मी पुन्हा गच्चीवर गेले. या वेळी पुस्तकाशिवाय.

गल्ली पाहण्यासारखी होती. सगळे आपापल्या फाटकाशी खराटे घेऊन उभे, आणि कुणी झाडेना. काळमेघ काकांनी खांबापर्यंत पानं आणली, पलीकडे शेजारीण उभी दिसली, तशी दोन पावलं मागे नेली. बोबडे काकू तर चक्क लवकर उठल्या होत्या आणि रांगोळीचा डबा हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या. जो तो दुसरा काय करतो ते पाहत होता.

बाबा बाहेर आले. नेहमीसारखे रेघेत झाडू लागले, देवळाच्या बाजूनं भिंतीकडे. आमच्या खांबापाशी आले, आणि थांबले. बोबडे काकू पलीकडून पाहत होत्या, मी वरून.

मग ते वळले. फाटकाचे दोन्ही पल्ले सताड उघडले, रस्त्याकडे पाठ केली, आणि ढीग आत ओढायला लागले. आमच्या अंगणात, तुळशीला वळसा घालून, आंब्याच्या बुंध्याकडे.

आई दारात आली. तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अहो, हे काय? सगळा कचरा घरात कुठे आणता?"

बाबांनी खराटा थांबवला नाही.

"आपलीच आहेत," ते म्हणाले.